राजचिन्हावरचा डोडो

मॉरिशसचं राजचिन्ह नीट पाहिलं, तर त्या बेटाचा चारशे वर्षांचा इतिहास त्यात सापडतो. मधली ढाल दोन प्राण्यांनी धरली आहे. एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला सांबराच्या कुळातलं हरीण, आणि दोघांच्याही शेजारी उसाचं उभं कांडं. डोडो या बेटाचा मूळ रहिवासी. जगात दुसरीकडे कुठेही तो नव्हता. हरीण डचांनी १६३९ साली जावाहून आणलं, आणि ऊसही त्याच सुमारास त्यांनीच आणला. हे चिन्ह १९०६ साली मंजूर झालं, तेव्हा डोडो नाहीसा होऊन दोन शतकं उलटली होती, हरणं रानात रुळली होती आणि ऊस बेटभर पसरला होता. जो गेला तो, आणि ज्यांनी त्याची जागा घेतली ते, एकाच ढालीला आधार देऊन उभे आहेत.

मी मॉरिशसला गेले ती डोडोचा माग काढायला. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावं लागतं. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे विमानात नवविवाहित जोडप्यांची गर्दी असते. मे ते नोव्हेंबर हा तिथला थंड, कोरडा हंगाम फिरायला उत्तम. उन्हाळ्यात चक्रीवादळांची धास्ती असते.

विमान खाली येताना दिसतो तो ऊस. समुद्राच्या निळ्या कडेपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊस, मधूनमधून शेतातून वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की साळुंक्यांचा कलकलाट ऐकू येतो. तारेवर शिपाई बुलबुल बसलेला असतो, वळचणीला चिमण्या असतात, एखाद्या झाडावरून आपला नेहमीचा पोपट ओरडत जातो. मराठी माणसाला पहिल्या तासातच घरच्यासारखं वाटू लागतं. पण यातला एकही पक्षी इथला नाही. साळुंकी अठराव्या शतकात टोळांवर उपाय म्हणून आणली. बुलबुल आणि पोपट एकोणिसाव्या शतकात आले. उंदीर मारायला भारतातून मुंगूस आणलं १९०० साली, आणि त्याने उंदरांसोबत इथल्या पक्ष्यांवरही ताव मारला. मॉरिशसच्या सखल भागात दिवसभर फिरूनही मूळचे पक्षी फारसे दिसले नाहीत, असं सहज होऊ शकतं.

डोडोची भेट होते ती पोर्ट लुईत. कंपनी गार्डनच्या वडांच्या सावलीला लागून निसर्गविज्ञान संग्रहालयाची जुनी इमारत आहे. तिथल्या एका दालनात डोडोचा सांगाडा उभा आहे. जगातल्या बहुतेक संग्रहालयांमधले डोडोचे सांगाडे अनेक पक्ष्यांची हाडं जुळवून केलेले आहेत. हा मात्र एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण आहे. तो शोधला एतिएन थिरिऊ नावाच्या न्हाव्याने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, केस कापण्याच्या व्यवसायातून वेळ काढून हा हौशी अभ्यासक पोर्ट लुईच्या मागच्या ल पूस डोंगराच्या परिसरातल्या गुहा आणि कपारी धुंडाळत असे. त्याच डोंगरावर १८३६ साली चार्ल्स डार्विन चढून गेला होता. डार्विनच्या पायाखालच्या दगडांत काय दडलं आहे, ते पुढे या न्हाव्याने दाखवलं.

सांगाड्यासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा भक्कमपणा. सुमारे एक मीटर उंची, जाड, मजबूत पाय, टोकाला आकडी असलेली दणकट चोच आणि उडायला निरुपयोगी असे छोटे पंख. लहानपणी पुस्तकात पाहिलेला लठ्ठ, गबाळा डोडो या हाडांशी जुळत नाही. तो गोलमटोल डोडो मुख्यतः सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांचा, विशेषतः रूलान्त साव्हेरी याचा. त्याची चित्रं पुढे पिढ्यानपिढ्या नकलली गेली. आधुनिक अभ्यासकांनी हाडांवरून शरीराचा अंदाज बांधला, तेव्हा डोडो चांगलाच सडपातळ आणि चपळ निघाला. कवटीच्या आतल्या पोकळीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूचा आकार शरीराच्या मानाने कबुतरांच्या कुळाला साजेसाच आढळला, आणि वासाचं ज्ञान करून देणारा भाग चांगला विकसित. म्हणजे जंगलाच्या जमिनीवर पडलेली फळं वासाने हुडकणारा, आपल्या जगात अगदी व्यवस्थित जगणारा हा पक्षी होता. डोडो मूर्ख होता म्हणून संपला, ही समजूत त्या सांगाड्यासमोर टिकत नाही.

कुळाने तो कबूतर. फार पूर्वी आग्नेय आशियाकडून बेटाबेटांवरून उडत आलेल्या कबुतरांची ही शाखा. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं, सुमारे ऐंशी लाख वर्षांचं बेट आहे. आफ्रिका दूर, मादागास्करही सुमारे नऊशे किलोमीटरवर. वटवाघळं सोडली तर इथे एकही सस्तन प्राणी पोहोचला नव्हता. जमिनीवरून झडप घालणारा कुणी नाही आणि झाडाखाली फळांचा सडा, अशा ठिकाणी उडण्यासाठी लागणारे मोठे स्नायू पोसणं परवडत नाही. पिढ्या उलटल्या तसे पंख आखडले, देह वाढला, घरटं जमिनीवर आलं. हाडांच्या सूक्ष्म अभ्यासावरून असंही दिसतं की डोडोची वीण ऑगस्टच्या सुमारास होत असावी आणि पिल्लं झपाट्याने वाढत असावीत, म्हणजे चक्रीवादळांचा हंगाम येईपर्यंत ती तग धरण्याइतकी मोठी होत. वादळ, दुष्काळ, ज्वालामुखी या सगळ्यांना हा पक्षी पुरून उरला होता. ज्याचा अनुभव लाखो वर्षांत कधी आला नव्हता, अशी एकच गोष्ट होती: जहाज.

पोर्ट लुईहून आग्नेय किनाऱ्याला माहेबूरकडे जायला तासाभराची वाट आहे. तिथलं ग्रां पोर्ट आखात फार सुंदर आहे. मागे सिंहाच्या आकाराचा डोंगर, पुढे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं शांत हिरवं पाणी. सप्टेंबर १५९८ मध्ये वायब्रांट व्हान वॉरविक याच्या हाताखालची डच जहाजं याच आखातात शिरली. अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींना हे बेट ठाऊक होतं, पण इथे वस्ती कुणी केली नव्हती. डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, पाणी भरलं, कासवं आणि पक्षी मारून जहाजावर चढवले आणि ते पुढे मसाल्याच्या बेटांकडे निघून गेले. नंतर चाळीस वर्षं जहाजं येत-जात राहिली. कायमची वसाहत १६३८ साली झाली, तीही जेमतेम पंचवीस माणसांची. फ्रेडरिक हेन्ड्रिक किल्ल्याचे अवशेष आजही जुन्या ग्रां पोर्ट गावात पाहायला मिळतात.

हा काळ आपल्याला परका नाही. ही वसाहत वसवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती आणि तिची पडकी वास्तू आजही उभी आहे. शिवाजी महाराज स्वराज्याची घडी बसवत होते, त्याच दशकांत हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला डोडोचे शेवटचे दिवस चालले होते. महाराजांनी सुरत लुटली ते वर्ष १६६४. त्याच सुरतेत त्याआधी तीसेक वर्षं पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेला थोर चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावावर डोडोचं एक चित्रही आहे, ते आता सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेलं, रंग आणि ठेवण यांत सर्वांत विश्वासार्ह डोडोचित्र म्हणून अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. युरोपातल्या चित्रांमधला फुगीर डोडो जगाला माहीत झाला. खरा डोडो मात्र एका हिंदुस्थानी चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरला होता.

किल्ल्याच्या अवशेषांजवळ उभं राहून मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक बारीक गोष्ट. इथे उत्खननात डचांच्या खाण्यापिण्याच्या कचऱ्याचे थर तपासले गेले, तेव्हा त्यांत डोडोची हाडं मिळाली नाहीत. खलाशांनी डोडो मारले आणि खाल्ले, याची वर्णनं आहेतच; मांस चामट असल्याच्या तक्रारीही आहेत. पण साडेअठराशे चौरस किलोमीटरचं, दाट जंगलाचं बेट आणि मूठभर माणसं हे प्रमाण पाहिलं, तर निव्वळ बंदुकीने आणि काठीने एवढी जात संपणं कठीण. संपवलं ते जहाजातून उतरलेल्या बाकीच्यांनी. उंदीर डचांच्या आधीच पोहोचले असावेत, कुठल्या तरी जहाजावरून चोरपावलांनी. डुकरं आणि शेळ्या मुद्दाम सोडल्या, पुढच्या फेरीला ताजं मांस मिळावं म्हणून. माकडं आली, कुत्री आली, मांजरं आली, हरणं आली. डोडो जमिनीवर घरटं करी आणि एका वेळी एकच अंडं घाली, असं त्या काळातलं वर्णन आहे. डुकराला, माकडाला, उंदराला ते अंडं म्हणजे वाटेत पडलेलं खाणं. मोठा पक्षी चोचीने लढू शकत असे, अंडं लढू शकत नाही. म्हातारे डोडो फिरत राहिले आणि नवे जन्मायचे थांबले. वरून पाहणाऱ्याला काही वर्षं काहीच बिघडलेलं दिसलं नसेल.

जोडीला कुऱ्हाड होतीच. डचांना हवा होता इथला काळाभोर आबनूस. किनाऱ्याजवळच्या सखल जंगलातला आबनूस तुटला आणि जहाजातून गेला. डोडोचं वास्तव्य प्रामुख्याने याच कोरड्या, सखल भागात असावं, कारण त्याची हाडं तिथेच जास्त सापडतात.

डोडोची शेवटची सर्वमान्य नोंद १६६२ सालची आहे. ‘आर्नहेम’ जहाज फुटल्यावर वाचलेल्या खलाशांपैकी फोल्कर्ट एव्हर्ट्‌स हा ओहोटीला चालत जाता येईल अशा एका छोट्या बेटावर पोहोचला आणि तिथे त्याला हे पक्षी दिसले. मोठ्या बेटावरून हटत हटत ते बहुधा अशाच डुकरं न पोहोचलेल्या ठिकाणी उरले होते. त्याने लिहिलं आहे की एका पक्ष्याचा पाय धरला की तो ओरडे, त्याच्या हाकेला दुसरे धावून येत आणि तेही पकडले जात. ज्याला आपण तीन शतकं मूर्खपणाचं उदाहरण म्हणून वापरलं, त्या पक्ष्याची ही शेवटची प्रत्यक्षदर्शी हकीकत आहे, आणि तीत तो आपल्या जातभाईच्या मदतीला धावतो आहे. उरलेल्या नोंदींच्या आधारे संख्याशास्त्रज्ञांनी गणित मांडलं आहे, त्यानुसार अखेरचा डोडो १६९० च्या आसपास मेला असावा. डचांनी १७१० मध्ये बेट सोडलं. फ्रेंच आले तेव्हा त्यांना डोडो कुणी दाखवू शकलं नाही.

त्यानंतर जे झालं तेही सांगायला हवं, कारण नाहीसं होणं किती पूर्ण असतं ते त्यातून कळतं. ऑक्सफर्डला एक पेंढा भरलेला डोडो होता. तो किडला, आणि शेवटी उरलं ते त्याचं डोकं आणि एक पाऊल. जगात डोडोची कातडी आणि मांसाचा अंश एवढाच. त्या डोक्याचं २०१८ साली स्कॅन झालं, तेव्हा मागच्या बाजूला शिशाच्या छर्ऱ्यांचे कण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर डोडो खरंच होता की खलाशांनी रचलेली गोष्ट, अशीही शंका घेतली जात होती. स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल या दोघांनी १८४८ साली ग्रंथ लिहून त्याचं अस्तित्व आणि कबुतरांशी असलेलं नातं मांडलं, आणि माणसाच्या हातून एक जात संपल्याचं हे पहिलं स्पष्ट उदाहरण असल्याचंही दाखवून दिलं.

पुरावा हाती आला तो १८६५ साली, माहेबूरजवळच. आज जिथे विमानतळ आहे, त्याच भागात मार-ओ-सोंज नावाची दलदल आहे. माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क कित्येक वर्षं डोडोची हाडं शोधत होते. रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने तिथे हाडं निघाल्याचं कळल्यावर त्यांनी मजुरांना दलदलीत उतरवलं. पाणी गढूळ, तळ दिसेना. मजुरांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपला आणि त्यांच्या तळव्यांना डोडोची हाडं लागली. त्या काळी बेटावरचे मजूर बहुतेक भारतीयच होते. हाडं लंडनला प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली, वर्णन प्रसिद्ध झालं आणि डोडो पुन्हा जगाच्या बोलण्यात आला. पुढे १९४० च्या दशकात मलेरिया रोखायला ही दलदल दगडांनी बुजवली. डच आणि मॉरिशसच्या संशोधकांनी २००५ साली तिथे पुन्हा हाडांचा थर शोधला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात पाण्याच्या आशेने जमलेले हजारो प्राणी तिथे मेले होते. त्या दुष्काळातूनही डोडोची जात टिकली, हे विसरता कामा नये. निसर्गाचा घाव तिने सोसला होता.

या मजुरांची गोष्ट सांगितल्याशिवाय मॉरिशसचं वर्णन अपुरं राहील. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे, आता जागतिक वारसास्थळ. गुलामगिरी बंद होत असताना उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारावर भारतीय मजूर आणले गेले. एकूण साडेचार लाखांहून अधिक माणसं या घाटाच्या दगडी पायऱ्या चढली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली आणि देशावरची मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांनी आज मंडळं, देवळं आणि मराठीचे वर्ग जपले आहेत, आणि गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. मला बेट दाखवणारा तरुण त्यांच्यापैकीच. घरात क्रेओल बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला. “ताई, आमचे पणजोबा आले तेव्हा डोडो नव्हता,” तो म्हणाला, “पण जंगल होतं. ते त्यांच्याकडून तोडून घेतलं.” तोडून घेतलं, या शब्दांत त्याने जबाबदारी नेमकी जिथली तिथे ठेवली. बेटावरचं बहुतेक जंगल एकोणिसाव्या शतकात उसासाठी साफ झालं. घाम मजुरांचा होता, नफा मळेवाल्यांचा, आणि साखर युरोपातल्या चहात विरघळली. आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. डोडोपाठोपाठ लाल पाणकोंबडी गेली, रुंद चोचीचा मोठा पोपट गेला, निळं कबूतर गेलं, दोन जातींची महाकाय कासवं गेली. शेजारच्या रोद्रिग बेटावरचा सॉलिटेअर, म्हणजे डोडोचा सख्खा भाऊबंद, अठराव्या शतकात संपला.

एवढं सगळं ऐकून मन जड होतं. पण माहेबूरजवळच्या पॉइंट जेरोमहून छोट्या होडीने पंधराएक मिनिटांत दुसरं मॉरिशस गाठता येतं. इल-ओ-एग्रेत हे सुमारे सव्वीस हेक्टरचं प्रवाळखडकाचं बेट ‘मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. मार्गदर्शकाशिवाय तिथे फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एके काळी हे बेटही उजाड झालं होतं, तोडीने आणि शेळ्या-उंदरांनी. संस्थेने आधी उंदीर आणि मांजरं पूर्ण काढली. मग परकी झुडपं हातांनी उपटली आणि रोपवाटिकेत वाढवलेली मूळ झाडं लावली. आज तिथे आबनुसाची बुटकी, काळी खोडं पुन्हा उभी आहेत. त्यांची वाढ इतकी सावकाश असते की ज्यांनी रोप लावलं त्यांच्या आयुष्यात त्याचा मोठा वृक्ष होणार नाही. मॉरिशसची कासवं संपली, म्हणून त्यांचं काम करायला सेशेल्सकडची आल्दाब्रा जातीची महाकाय कासवं आणून सोडली. ती फळं खातात, बिया दूर नेऊन टाकतात आणि जंगल पुन्हा रुजतं. वाटेवर नामशेष प्राण्यांचे कांस्य पुतळे आहेत. डोडोच्या पुतळ्याजवळ उभी असताना वरच्या फांदीवर फडफड झाली. गुलाबी छातीचं, तांबूस शेपटीचं एक कबूतर निवांत बसलं होतं.

हे मॉरिशसचं गुलाबी कबूतर. १९९० च्या सुमारास रानात त्याची संख्या दहाच्या आसपास उरली होती. आज ती काही शेकड्यांत आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात पायवाटांनी फिरताना अशाच आणखी दोन पक्ष्यांच्या हकीकती ऐकायला मिळतात. मॉरिशसचा खरुची ससाणा १९७४ साली जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी मानला जात होता. रानात चारच माहीत होते आणि वीण करणारी मादी फक्त एक. जंगलतोड, डीडीटीची फवारणी आणि मुंगसांनी त्याला या टोकाला आणलं होतं. वेल्सहून आलेल्या कार्ल जोन्स या तरुण जीवशास्त्रज्ञाने १९७९ पासून काम हाती घेतलं. पहिली अंडी काढून उबवणीयंत्रात ठेवायची म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, रानातल्या जोड्यांना वरून खाणं पुरवायचं, घरट्यांसाठी मुंगसाला न पोहोचणाऱ्या पेट्या लावायच्या. पुढच्या काळात ससाणे शेकड्यांनी झाले. इथला मूळ हिरवा पोपट एके काळी डझनभर उरला होता, त्याचेही आता काही शेकडे आहेत. भारतातून आणलेला आपला पोपट मात्र अजूनही घरट्याच्या ढोलीसाठी त्याच्याशी भांडतो.

या जंगलात तांबालाकोक नावाचं झाड दाखवतात. त्याचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून डोडोबरोबर झाडही संपत आलं, अशी कल्पना १९७७ साली एका शास्त्रज्ञाने मांडली. गोष्ट इतकी देखणी होती की ती जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. पुढच्या अभ्यासांनी ती खोडून काढली. डोडोनंतर रुजलेली झाडंही आहेत. तरीही या झाडांचं बी डुकरं आणि माकडं टिकू देत नाहीत, आणि चिनी पेरूची दाट झुडपं रोपांना उजेड मिळू देत नाहीत. म्हणूनच आज जंगलाचे तुकडे कुंपणं घालून, परकी झुडपं पुन्हापुन्हा उपटून जपावे लागतात. हे काम कधी संपत नाही. एक हंगाम चुकला तर पेरू परत येतो.

धोकेही संपलेले नाहीत. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज इल-ओ-एग्रेतपासून जवळच प्रवाळाच्या कड्यावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा हजारो सामान्य माणसं किनाऱ्यावर आली, उसाचं पाचट पोत्यात भरून त्यांनी तेल अडवायचे लांब तरंगते बांध तयार केले. ज्या उसासाठी इथलं रान गेलं, त्याच्याच पाचटाने त्या दिवसांत किनारा सावरला. दुसरीकडे, मूळ झाडांच्या बिया पसरवणारं इथलं फळखाऊ वटवाघूळ आंबा आणि लिचीची नासाडी करतं म्हणून २०१५ पासून सरकारनेच काही वेळा हजारोंनी मारलं. फळबागायतदाराचं नुकसान खरं आहे. पण डुकरं सोडणाऱ्या डचालाही आपली निकड खरीच वाटत होती.

अमेरिकेतल्या एका कंपनीने २०२३ साली जनुकीय तंत्राने डोडो ‘परत’ आणण्याची योजना जाहीर केली आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो डोडोच्या सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाचा. ऑक्सफर्डच्या त्याच डोक्या-पावलातून मिळालेल्या डीएनएवरून २००२ साली हे नातं सिद्ध झालं. तो नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर: हिरव्या-तांबूस झळाळीचा, मानेभोवती लांब पिसांची झूल असलेला, आखूड पांढऱ्या शेपटीचा. तो आपल्या देशात, अंदमान-निकोबारच्या बेटांवरच्या जंगलात, जमिनीवर फळं-बिया वेचत फिरतो आणि बेटाबेटांवरून उडत जातो. त्यांपैकीच ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला २०२२ साली मंजुरी मिळाली. गालाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा त्याआधीच काढला गेला होता. तिथे पानापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी उबवणारा निकोबारचा मेगापोडही राहतो, जमिनीवर घरटं करणारा.

मॉरिशसमध्ये फिरून आल्यावर मला डोडोच्या गोष्टीचा खलनायक कुणी एक दिसत नाही. एकाने डुक्कर सोडलं, दुसऱ्याने आबनूस तोडला, तिसऱ्याच्या जहाजातून उंदीर उतरला, चौथ्याने ऊस लावला. प्रत्येक निर्णय त्या वेळी साधा आणि फायद्याचा होता, आणि त्या सगळ्यांची बेरीज केली नाही कुणीच. ससाण्याला आणि गुलाबी कबुतराला वाचवणारी माणसंही अशीच छोटी, रोजची कामं करत राहिली: अंडी मोजणं, झुडपं उपटणं, उंदीर धरणं. फरक इतकाच की त्यांनी बेरीज केली होती.

डचांच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. एखादी जात पृथ्वीवरून कायमची संपू शकते, ही कल्पनाच सतराव्या शतकात फारशी कुणाजवळ नव्हती. आपल्याजवळ ती आहे. डोडोचा सांगाडा आहे, त्याच्या डीएनएचा आलेख आहे, मॉरिशसच्या जंगलात पन्नास वर्षं शिकलेलं तंत्र आहे. बेटावरचं जंगल आधी तोडायचं आणि मग उरलेल्या दहा पक्ष्यांना वाचवायला शास्त्रज्ञ बोलवायचे, हा मार्ग किती महाग आणि किती अनिश्चित असतो ते मॉरिशसने सिद्ध करून दाखवलं आहे. डोडोच्या आप्ताचं जंगल अजून उभं आहे आणि मंजुरी मिळाली असली तरी त्याचं पुढे काय होतं ते आपल्याच देशात ठरणार आहे. ते ठरवताना आम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही.